घरात असेल त्या भाजीचं रात्रीचं जेवण : इंदूरमध्ये नव्याने बिऱ्हाड मांडणाऱ्यांसाठी कढई, पॅन आणि पास्ता

रात्री आठला सुपर कॉरिडॉरवरून किंवा विजयनगरच्या ऑफिसातून घरी पोचलात की फ्रिजमध्ये साधारण हेच असतं : अर्धा फ्लॉवर, मऊ पडायला आलेले दोन टोमॅटो, एक ढोबळी मिरची, मूठभर वाटाणे आणि रविवारी उत्साहाने आणलेली घोसाळी. कणीक मळून पोळ्या लाटायचं त्राण नसतं आणि छप्पन दुकान कितीही जवळ असलं तरी रोज तिथे जाऊन पोट आणि खिसा दोन्ही टिकत नाहीत. मग माणूस मोबाइलवर पाककृती शोधतो, तिच्यात ब्रोकोली आणि झुकिनी लागते, ती घरात नसते, आणि शेवटी मॅगी होते.

पाककृती शोधूच नका. कढईत कुठली भाजी आधी जाते आणि कुठली शेवटी, एवढं कळलं की घरात जे असेल त्यातून अर्ध्या तासात जेवण होतं. खाली दिलेली प्रमाणं दोन माणसांची आहेत. एकटे असाल तर निम्मं करा, किंवा तेवढंच करून उरलेलं डब्याला न्या.

आधी भांडं

रुंद भांडं हवं, उंच नको. अठ्ठावीस सेंटिमीटरच्या आसपासचा खोलगट पॅन किंवा सपाट बुडाची कढई, आणि तिच्यावर बसेल असं झाकण. भंवरकुआँ किंवा पलासियाच्या बाजूला खोली घेतली असेल तर बहुतेक इंडक्शनच मिळतं. त्यावर गोल बुडाची कढई आणि ॲल्युमिनियमची भांडी चालत नाहीत. भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटतो का पाहा. चिकटला तर घ्या.

बिडाचा किंवा लोखंडी पॅन असेल तर उत्तम, भाजी त्यात सुरेख खरपूस होते. फक्त टोमॅटोचा रस्सा त्यात रटरटत ठेवू नका. आंबटामुळे तेलाचा बसलेला थर निघतो आणि जेवणाला लोखंडाची चव येते. टोमॅटोला स्टील बरं. नॉनस्टिक असेल तर रिकामा पॅन मोठ्या आचेवर तापवू नका, बाकी त्याची काही तक्रार नाही.

याखेरीज पास्ता उकळायला तीन लिटरचं पातेलं, एक चाळणी आणि धारदार सुरी. विजेची किटली असेल तर पाणी तिच्यात उकळून पातेल्यात ओता, दहा मिनिटं वाचतात.

भाजी आणायची कुठून

चोइथराम मंडी घाऊक आहे. दोन माणसांच्या संसाराला तिथे जायचं काही कारण नाही, पहाटे उठायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. मालवा मिल किंवा राजकुमार पुलाजवळची मंडी सोयीची, आणि त्याहून सोयीचा गल्लीच्या तोंडाशी उभा राहणारा ठेला. महाराष्ट्रातून आलेल्यांनी दोन नावं लक्षात ठेवली तर गोंधळ होत नाही : घोसाळं म्हणजे इथे गिलकी, दोडका म्हणजे तुरई. शेवटी "भिया, थोड़ा धनिया-मिर्ची डाल देना" म्हणायला विसरू नका. ते फुकट मिळतं आणि आठवडाभराच्या जेवणाला पुरतं.

एका वेळी पाच-सहा भाज्या आणा, पण सगळ्या नाजूक नकोत. पालक-मेथी पहिल्या दोन दिवसांत संपवायची, ढोबळी आणि घोसाळी तीन-चार दिवसांत, फ्लॉवर, गाजर, फरसबी आठवडाअखेरीपर्यंत. बटाटा, कांदा आणि लाल भोपळा बाहेरच राहतात. आलू तर इथे कधी कमी पडत नाही. माळव्याचा बटाटा कोरडा आणि गोडी कमी असलेला, म्हणून चिप्सवाले तो शोधत येतात. पॅनमध्ये खरपूस करायलाही तोच गुण उपयोगी पडतो.

पास्ता कोणता

पास्ता म्हणजे मैदा असं आपल्याकडे धरूनच चालतात. चांगला पास्ता मैद्याचा नसतो, ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो. आणि हा गहू इंदूरला नवा नाही. बाफल्यांसाठी, म्हणजे उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांसाठी, जाडसर दळून आणतात तो पिवळसर, दाताखाली कडक लागणारा कठिया गहू म्हणजेच ड्युरम. भारतीय कृषी संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्र १९५१ पासून इंदुरात आहे आणि मालव शक्ती, पूसा मंगल, पूसा तेजस हे ड्युरम वाण तिथलेच. तेव्हा घरच्या कुणी "हे काय परदेशी खूळ" म्हटलं तर सांगा, गहू आपल्याच शिवारातला आहे. आणि वरणफळं, चकोल्या करणाऱ्या घराने पास्त्याला परकं म्हणावं हे मला तरी पटत नाही.

ड्युरमचा आग्रह चवीपेक्षा शिजण्यासाठी. दाणा इतका कठीण असतो की दळताना त्याचं मऊ पीठ न होता कणीदार रवा पडतो. त्यातली प्रथिनं उकळत्या पाण्यात स्टार्चला धरून ठेवतात, म्हणून पास्ता आकार सोडत नाही. साध्या रव्याचा किंवा मैदा मिसळलेला पास्ता दोन मिनिटं जास्त राहिला की खळ होते. पाकिटाच्या मागे घटकांमध्ये 'ड्युरम' हा शब्द आहे का ते बघा. नुसतं 'सूजी' लिहिलं असेल तरी हरकत नाही, पण तो पाकिटावरच्या वेळेच्या तीन मिनिटं आधीपासून चाखायला लागा.

आकार फार मनावर घेऊ नका. भाजीचे तुकडे असतील तर पेने, फुसिली, मॅकरोनी असे आखूड. नुसतं लसूण-तेल असेल तर स्पगेटी.

भाज्यांचा क्रम

आता मुख्य गोष्ट. रोजच्या घाईत सगळ्या भाज्या एकदम चिरून एकदम कढईत पडतात. मग गाजर कच्चं राहतं, ढोबळी लगदा होते आणि पालक काळा पडतो. भाजी कडक आहे की मऊ, आणि तिच्यात पाणी किती आहे, हे दोन प्रश्न विचारले की क्रम आपोआप लागतो.

कढईचा आवाज ऐकायची सवय लावा. तेलात भाजी टाकली की चुरचुर आवाज येतो, म्हणजे भाजी तळली जातेय, तिच्यावर रंग चढतोय. आवाज उतरून रटरट सुरू झाली की समजायचं, भाजीचं पाणी सुटलं आणि आता ती उकडली जातेय. पाणी आहे तोवर भांड्यातलं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूस रंग यायला त्याच्या बराच वर जावं लागतं. म्हणून धुतलेली भाजी फडक्यावर कोरडी करा, कढईत एकाच थरात मावेल एवढीच टाका, आणि टाकल्यावर हलवू नका. सारखा उलथनं फिरवणारा हात हा रात्रीच्या भाजीचा मोठा शत्रू.

फ्लॉवर घ्या. तुरे असे कापा की प्रत्येकाला एक सपाट बाजू येईल. पॅन तापवा, दोन मोठे चमचे तेल, सपाट बाजू खाली ठेवून मधली-मोठी आच. चार-पाच मिनिटं हात बांधून उभे राहा. मग एक तुरा उलटून पाहा. कडेला बदामी आणि मध्ये जवळजवळ तपकिरी दिसला पाहिजे. तसा नसेल तर परत ठेवा. झाला असेल तर सगळे उलटा, मीठ टाका, दोन मोठे चमचे पाणी शिंपडा आणि दोन मिनिटं झाकण. वाफेने देठ आतून शिजतो, रंग तसाच राहतो. ज्यांना फ्लॉवर आवडत नाही त्यांना असा देऊन बघा.

गाजर आणि फरसबी पातळ कापली तर सहा-सात मिनिटांत होतात. बटाट्याच्या सेंटिमीटरभर फोडींना झाकण ठेवून बारा-चौदा मिनिटं लागतात, म्हणून तो सगळ्यांच्या आधी. बटाटा किंवा फरसबी अर्धवट असताना टोमॅटो घालू नका. आंबटपणात त्या शिजायला फार वेळ लागतो.

कांद्याला मात्र सुरुवातीलाच चिमूटभर मीठ. पाणी सुटून तो न जळता मऊ होतो. मशरूम, घोसाळी आणि दुधीला उलट नियम, मीठ अगदी शेवटी, नाहीतर पॅनमध्ये तळं होतं. ढोबळीला मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं पुरे, तिचा कुरकुरीतपणाच तर हवा असतो. टोमॅटो बारीक चिरून तेल सुटेपर्यंत परता, सात-आठ मिनिटं. मेथी बटाट्याबरोबर छान, पास्त्यात कडसर लागते. पालक शेवटच्या मिनिटाला. त्याचीही एक युक्ती आहे : चिरलेला पालक चाळणीत ठेवा आणि पास्ता त्याच्यावरच गाळा. उकळतं पाणी पडून पालक तिथेच बसतो, वेगळं भांडं लागत नाही.

भेंडी आणि कारलं या भानगडीत आणू नका. त्यांची भाजीच करावी.

पास्ता उकळताना

१. दोन माणसांना दीडशे ग्रॅम पास्ता आणि तीनशे ते साडेतीनशे ग्रॅम चिरलेली भाजी. हॉटेलात प्रमाण उलटं असतं, पास्ता जास्त आणि भाजी शोभेपुरती. घरी भाजीच जास्त हवी, पोट हलकं राहतं.

२. दीड लिटर पाणी उकळा. खळखळून उकळी आल्यावर लिटरमागे दीड चहाचा चमचा मीठ. हे खूप वाटतं, पण बहुतेक पाण्याबरोबर जातं, आणि पास्त्याला आतून मीठ लागायची हीच एक संधी. पाण्यात तेल घालू नका. ते वर तरंगतं, चिकटणं काही थांबवत नाही, आणि नंतर पास्त्याला बुळबुळीत करून सॉस धरू देत नाही. चिकटू नये म्हणून पहिली दोन मिनिटं ढवळत राहायचं, बस.

३. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. इथे पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे पाकिटावरच्या वेळेपेक्षा मिनिटभर इकडे-तिकडे होतं. घड्याळापेक्षा दातावर भरवसा ठेवा. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी एक तुकडा काढून चावा. भाताला जशी कणी राहते तशी मधोमध किंचित कणी लागली पाहिजे. ती उरलेली कणी पॅनमध्ये, भाजीच्या रसात शिजेल.

४. गाळण्याआधी एक मोठी वाटी भरून पाणी बाजूला काढून ठेवा. हे विसरलं तर निम्मी मेहनत मोरीत गेली. या गढूळ पाण्यात पास्त्याचं स्टार्च उतरलेलं असतं. पॅनमधलं तेल किंवा तूप आणि हे पाणी मोठ्या आचेवर एकत्र हलवलं की स्टार्चमुळे दोन्ही वेगळी न होता मिळून येतात, आणि पास्त्याच्या अंगाला लागणारा चकचकीत रस तयार होतो. पांढरा सॉस नको, क्रीम नको.

५. पास्ता गार पाण्याखाली धुऊ नका. तसाच गरम पॅनमध्ये भाजीवर घाला, अर्धी वाटी ते पाणी, आणि मोठ्या आचेवर दोन मिनिटं हलवा. आधी पाणी दिसेल, मग आटून रस दाट होईल. उलथनं पॅनच्या बुडावरून ओढलं की मागे क्षणभर वाट दिसते आणि मग रस पुन्हा मिळतो, तेव्हा गॅस बंद करा. ताटात जाईपर्यंत तो अजून दाटतो, म्हणून थोडा सैलच उतरवा.

फरसबी, वाटाणे, फ्लॉवरचे बारीक तुरे पास्त्याच्याच पाण्यात शेवटची तीन-चार मिनिटं टाकले तरी चालतात. इटलीच्या लिगुरिया भागात बटाटा आणि फरसबी पास्त्याबरोबर एकाच पातेल्यात उकळून वर तुळशीसारख्या बेसिलची चटणी कालवतात. एकच शेगडी असलेल्यांना ही पद्धत देवासारखी धावून येते.

सोमवारचा पास्ता : एकाच कढईत

हा पहिल्यांदा करून पाहा, यात बिघडायला फारसं काही नाही. मोठा कांदा मिठात मऊ करा, ठेचलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या, अर्धा चमचा लाल तिखट, मग तीन चिरलेले टोमॅटो. तेल सुटलं की दीडशे ग्रॅम मॅकरोनी किंवा पेने तशीच कच्ची घाला आणि साडेचारशे मिलिलिटर उकळतं पाणी, चवीला मीठ. हिशोब सोपा आहे, पास्त्याच्या वजनाच्या तिप्पट पाणी, आणि अर्धी वाटी गरम पाणी हाताशी. झाकण ठेवून मंद-मध्यम आचेवर बारा मिनिटं, दर दोन-तीन मिनिटांनी तळापासून ढवळायचं, नाहीतर बुडाला लागतो. नवव्या मिनिटाला ढोबळी आणि वाटाणे. गॅस बंद करून मूठभर कोथिंबीर, हवं तर किसलेलं चीज.

चीजबद्दल : प्रक्रिया केलेलं वड्यांचं चीज चालतं, पण ते आचेवर ठेवलं की तारेऐवजी चिकट गोळा होतो. गॅस बंद केल्यावर किसून घाला, माणशी एक वडी. आणि पिझ्झ्याबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या प्रत्येक घराच्या खणात साठलेल्या असतात, त्या एका जेवणात संपवायचा निर्धार करू नका. चिमूटभर तळहातावर चोळून तेलात टाकला तर बराच पुढे जातो. वरून मूठभर टाकला तर औषधासारखा लागतो.

लसूण-घोसाळ्याचा

गिलकीची भजी इंदूरकर आवडीने खातात, भाजी मात्र ताटात तशीच पडून राहते. पास्त्यात ती झुकिनीची जागा घेते, आणि किमतीत झुकिनीच्या पासंगालाही लागत नाही. कोवळी घोसाळी घ्या, दाबून मऊ नकोत. सोलून बोटभर जाड चकत्या करा. पॅन कडकडीत तापवून चकत्या एका थरात, दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं, मीठ न घालता. काढून ठेवा.

त्याच पॅनमध्ये आच अगदी मंद करून तीन मोठे चमचे तेल आणि आठ-दहा लसूण पाकळ्यांच्या पातळ चकत्या. माळव्यात लसणाला तोटा नाही; मंदसौर-नीमचच्या मंड्या लसणाच्याच, आणि रतलाम जिल्ह्यातल्या रियावनच्या लसणाला तर भौगोलिक मानांकन मिळालंय. तो मिळाला तर सहाच पाकळ्या घाला, उग्र असतो. लसूण फिकट सोनेरी झाला की लगेच मिरचीचे तुकडे आणि पास्त्याचं अर्धी वाटी पाणी. पाण्याने लसूण करपायचा थांबतो. मग पास्ता, मग घोसाळी, मीठ, अर्ध्या लिंबाचा रस. हा पास्ता लगेच खायचा. घोसाळं थांबत नाही, दहा मिनिटांत पाणी सोडतं.

भुट्ट्याच्या किसाचा पास्ता

पावसाळ्यातला भुट्ट्याचा कीस सराफ्याच्या खाऊगल्लीत उभ्याने खाल्ला असेलच. तो मुळात कढईतला जेवणाचा पदार्थ आहे, आणि किंचित सैल ठेवला तर पास्त्यावर क्रीमपेक्षा सरस काम करतो. देशी भुट्टे घ्या. स्वीट कॉर्न गोड असतं आणि त्यात स्टार्च कमी, रस दाट येत नाही.

तीन भुट्टे जाड किसणीवर किसा. दाण्यांमधलं दूध वाया जाऊ नये म्हणून ताटलीत किसायचं आणि कणीस शेवटी सुरीच्या पाठीने खरवडून घ्यायचं. कढईत दोन मोठे चमचे तूप, मोहरी, जिरं, हिंग, दोन हिरव्या मिरच्या. कीस घालून मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं सतत परता. हा कीस पाहता पाहता बुडाला धरतो, त्यामुळे इथे मात्र हात थांबवायचा नाही. कच्चा वास गेला आणि रंग गडद पिवळा झाला की एक वाटी दूध थोडं थोडं करून घाला. आठ मिनिटांत तो खदखदायला लागतो. नुसता खायचा असेल तर तूप सुटेपर्यंत आटवा, साखरेची चिमूट, लिंबू, खोबरं, कोथिंबीर. पास्त्यासाठी मात्र सैल असतानाच थांबा. सव्वाशे ग्रॅम उकडलेला पास्ता, अर्धी वाटी राखलेलं पाणी आणि वेगळी परतलेली ढोबळी त्यात घालून मिनिटभर हलवा. लिंबू गॅस बंद केल्यावरच, नाहीतर दूध फाटतं.

पास्ता नको असेल त्या रात्री

बटाट्याच्या पातळ चकत्या आणि कांदा झाकण ठेवून पॅनमध्ये शिजवा, शेवटची दोन मिनिटं झाकण काढून खरपूस होऊ द्या, मूठभर मेथी टाका. अंडी खात असाल तर चार अंडी मीठ-मिरी घालून फेटून वरून ओता, मंद आचेवर झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं. न खाणाऱ्यांनी अंड्याऐवजी पनीरचे तुकडे. वर जिरावन हा इंदुरी चटपटा मसाला भुरभुरवा. जिरावन पोह्यांवर, गराडूवर (तळलेल्या कंदावर) चालतं तसंच बटाट्यावरही खुलतं. पास्त्यावर ते टाकणारेही आहेत, त्यांच्याशी माझं जमत नाही.

दुसरं, पालक-चणे. काबुली चणे सकाळी भिजत घातले असतील तर संध्याकाळी आल्या आल्या कुकरला लावा, तोवर कांदा-टोमॅटो परता. चणे थोडे ठेचून घाला म्हणजे रस मिळून येतो, मग पालक. पावाबरोबर खा.

आणि शिळ्या पोळ्या असतील तर फोडणीची पोळी आहेच. तिच्यात गाजर, कोबी, वाटाणे पोळीइतकेच घातले की ते नाश्त्याचं न राहता जेवण होतं. तिला मी पाककृती सांगणार नाही, तुमच्या आईची वेगळी असणार.

वरून काय

दक्षिण इटलीत ज्यांना चीज परवडत नसे ते शिळ्या पावाचा चुरा तेलात कुरकुरीत भाजून पास्त्यावर घालत. आपल्याकडे त्याला सेव आहे. लवंगी नको, तिची लवंग पास्त्यावर चढते. साधी जाड घ्या, फ्लॉवरच्या पास्त्यावर तर नक्की. ताटात वाढल्यावर, पहिला घास घेण्याच्या क्षणी टाकायची. पॅनमध्ये टाकली तर तिचं पिठलं होतं. सेवेत मीठ असतंच, तेव्हा पास्त्यात त्या दिवशी हात राखून.

उरलं तर

उरलेला पास्ता गार होताच डब्यात भरून फ्रिजमध्ये. एप्रिल-मेच्या उकाड्यात तो ओट्यावर तासभरापेक्षा जास्त ठेवू नका, एरवीही दोन तासांच्या आत. दुसऱ्या दिवशी संपवा. फ्रिजमध्ये तो सगळा रस पिऊन कोरडा होतो, म्हणून गरम करताना पॅनमध्ये दोन-तीन चमचे पाणी घालून झाकण ठेवा. मायक्रोवेव्हमध्येही पाणी शिंपडूनच. लसूण-तेलाचा स्पगेटी उरला तर गरम करण्यापेक्षा फेटलेल्या अंड्यात किंवा बेसनाच्या पातळ पिठात घोळवून पॅनवर थापा, दोन्ही बाजूंनी खरपूस धिरडं होतं.

सालं, देठ, कणसाची बुरकुंडं ओल्या कचऱ्याच्या डब्यात, चीजचं आणि पास्त्याचं पाकीट सुक्या कचऱ्यात. नवीन असाल तर हे पहिल्याच दिवशी शिकून घ्या, कारण सकाळची कचरागाडी मिसळलेला कचरा घेत नाही आणि गाडीवालाही भिडेला पडत नाही. ओला कचरा देवगुराडियाच्या प्रकल्पात जातो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची क्षमता दिवसाला ५५० टन आहे आणि तिथल्या बायो-सीएनजीवर शहरातल्या बस चालतात. फ्लॉवरचे कोवळे देठ मात्र त्यात टाकू नका. सोलून पातळ कापा आणि उद्याच्या पॅनमध्ये गाजराबरोबर घाला.